नाव्हाहो मडक्यावरचे ‘देव’ आणि काठाची अर्धवट माळ

नागपूरच्या एका ताईंचा प्रश्न असा: अमेरिकेत फिनिक्सला राहणाऱ्या भावाने वास्तुशांतीला तिथल्या नाव्हाहो आदिवासींची दोन मडकी भेट दिली. एक तपकिरी, चकचकीत, नक्षी अशी काहीच नाही. काठाखाली मातीचीच एक पट्टी आहे, पण तीही एका जागी तुटलेली. पोटावर काळा डाग आणि जवळ गेलं की राळेसारखा वास. दुसरं रंगीत, त्यावर डोक्याला पिसं लावलेल्या उंच, सडपातळ चार आकृत्या. ‘हे त्यांचे देव’ असं भाऊ म्हणाला. तर रंगीत मडकं देवघरात ठेवलं तर चालेल का, कलश म्हणून वापरता येईल का, तपकिरी सदोष आहे का, आणि दोन्ही अस्सल आहेत का?

ताई, फोटो पाहिले. आधी थेट उत्तरं देते, कारण उन्हाळा तोंडावर आहे आणि त्यातल्या एका मडक्याला तुमचा नागपूरचा मे महिना सोसणार नाही. तपकिरी मडकं सदोष नाही. पट्टी तुटलेली नाही, ती तशीच सोडलेली आहे. काळा डाग जाळाचा आहे, तो घासू नका. रंगीत मडक्यात पाणी भरू नका आणि त्याला हळदकुंकूही लावू नका. देवघराबद्दल माझं मत ‘नको’ असं आहे, त्याचं कारण पुढे येईल. आणि या दोघांपैकी धर्म कशात जास्त आहे असं विचाराल, तर त्या साध्या तपकिरी मडक्यात. हे जरा उलटं वाटेल, म्हणूनच उत्तर लांबणार आहे.

मी मातीच्या वस्तूंच्या जतनाचं आणि दुरुस्तीचं काम ॲरिझोनात बरीच वर्षं करते आहे. मी नाव्हाहो नाही. त्यांच्या विधींबद्दल जे उघडपणे बोललं आणि छापलं जातं, तेवढंच सांगते.

नाव्हाहो स्वतःला दिने म्हणतात. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून सुमारे सत्तर हजार चौरस किलोमीटर त्यांचा मुलूख आहे. विणकाम आणि चांदीकाम ही त्यांची नावाजलेली हुन्नरं. रंगवलेल्या मडक्यांसाठी नाव घेतलं जातं ते शेजारच्या प्वेब्लो लोकांचं: होपी, झुनी, आकोमा. पण नाव्हाहो कधी रंगवतच नव्हते असं मात्र नाही. १६८० मध्ये प्वेब्लो लोकांनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध उठाव केला आणि त्यानंतरच्या धामधुमीत त्यांच्यातले बरेच जण वायव्य न्यू मेक्सिकोत नाव्हाहोंकडे आश्रयाला आले. त्या काळातली, पुढे अठराव्या शतकातलीही, रंगीत नाव्हाहो मडकी उत्खननात सापडतात. पुढे ही रंगरंगोटी ओसरत गेली.

त्यानंतर दोन मोठे तडाखे बसले. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने हजारो नाव्हाहोंना शेकडो किलोमीटर पायी चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडो छावणीत नेऊन डांबलं. १८६८ च्या तहानंतर ते परतले, तेव्हा घरदार, कळप, शेती सगळं नव्याने उभं करायचं होतं. मग १८८० च्या दशकात रेल्वे आली आणि तिच्यामागोमाग व्यापाऱ्यांची दुकानं. पत्र्याची, बिडाची आणि एनॅमलची भांडी लोकरीच्या बदल्यात मिळू लागल्यावर स्वयंपाकाचं मडकं कोण घडवत बसणार? घराघरातली मडकी गेली. टिकली ती विधीला लागणारी.

विधीतलं मडकं म्हणजे मुख्यतः ढोल. मडक्यात थोडं पाणी घालायचं, तोंडावर ओलं कातडं ताणून घट्ट बांधायचं आणि वाकवलेल्या काठीने वाजवायचं. युद्धावरून परतलेल्या माणसाला शत्रूच्या सावटातून मोकळं करण्याचा एक उन्हाळी विधी आहे. दुसऱ्या महायुद्धातून आणि व्हिएतनाममधून परतलेल्या नाव्हाहो सैनिकांसाठीही तो झाला. तिथे हा मातीचा ढोल लागतो, पत्र्याचा डबा चालत नाही. मडकं असं विधीशी बांधलं गेलं आणि विधीबरोबर बंधनंही आली. मडकं दुसऱ्यांच्या नजरेआड घडवावं, नाहीतर ते तडकतं. त्यावर नक्षीचा सोस नको. जुन्या वैद्य-पुजाऱ्यांचा नक्षीवरचा हा कटाक्ष मानववंशशास्त्रज्ञांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच टिपून ठेवला आहे. म्हणजे तुमच्या तपकिरी मडक्याचा साधेपणा कारागिराच्या आळसातून आलेला नाही, धाकातून आलेला आहे.

आता ते मडकं हातात घ्या. फिरवून पाहा, चाकाच्या रेघा कुठेच दिसणार नाहीत, कारण चाक वापरलेलंच नाही. डोंगरउतारावरून माती आणायची, कुटायची, चाळायची, त्यात वाळू किंवा जुन्या खापरांची पूड मिसळायची. मग वळ्या करून एकीवर एक रचत जायचं आणि आतून-बाहेरून खरवडून भिंत पातळ करायची. खरवडायला पूर्वी दाणे काढलेलं मक्याचं कणीस चाले. वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटाई. मग उघड्यावर जुनिपरच्या लाकडांचा जाळ, आपल्याकडच्या कुंभाराच्या आव्यापेक्षा बराच लहान, कधी कधी एकाच मडक्यापुरता. जळतं लाकूड जिथे मडक्याला टेकतं तिथे काळा ढग उमटतो. तोच तुमचा डाग. कसबी कारागीर लाकडं रचतानाच हे ढग कुठे यावेत याचा अंदाज बांधतात.

वासाचं रहस्य शेवटच्या पायरीत आहे. मडकं जाळातून काढलं की ते गरम असतानाच पिन्यॉन नावाच्या पाइनच्या झाडाची वितळवून गाळलेली राळ काठीला चिंधी गुंडाळून आतून-बाहेरून फासतात. गरम माती ती पिऊन घेते आणि उरलेली वर चकाकते. खरी राळ असेल तर मडकं एका रंगाचं दिसत नाही: कुठे मधासारखं, कुठे काकवीसारखं. तुमच्या दुसऱ्या फोटोत बुडाशी राळेचा एक ओघळ जाडसर गोठलेला दिसतो. मला तो ओघळच सगळ्यात जास्त आवडला. साच्यातल्या मालावर वार्निश मारणारा असा ओघळ राहू देत नाही.

आणि ती पट्टी. तिला ते मडक्याची माळ म्हणतात. मातीची बारीक वळी काठाखाली चिकटवून बोटाने किंवा काडीने दाबत नेतात, आणि शेवटी टोकं जुळवत नाहीत. त्या फटीला वाट समजतात. कारागिराचं मन, त्याचा विचार त्या वर्तुळात कोंडला जाऊ नये, त्याला बाहेर पडता यावं, म्हणून ती सोडायची. त्यांच्या लग्नात वापरायच्या विणलेल्या टोपलीतही नक्षीच्या वर्तुळात अशीच फट असते आणि विधीत ती पूर्वेकडे करून टोपली मांडतात. काही गालिच्यांच्या किनारीतून एक बारीक धागा कडेपर्यंत नेलेला दिसतो, तोही त्याच जातीचा. काही वर्षांपूर्वी एका संग्राहकाने माझ्याकडे असंच मडकं ‘माळ पूर्ण करून द्या’ म्हणून आणलं होतं. मी काम घेतलं नाही. त्यांना ते दुरुस्त करायचं होतं, आणि माझ्या लेखी ते मडकं बिघडवणं झालं असतं.

आता तुमच्या रंगीत मडक्यावरचे ते चौघे. त्यांना येई म्हणतात. नाव्हाहो कथांमधले पवित्र लोक आहेत, त्यांच्यातले हे. आकृती समोरून काढलेली असेल, पाय स्थिर असतील, तर तो येई. बाजूने काढलेली असेल आणि पाय उचललेले असतील, तर ती येईंचे मुखवटे घालून नाचणारी माणसं आहेत, येईबिचाय. तुमच्या फोटोतले समोरून आहेत. तो नाच हिवाळ्यातल्या नऊ रात्रींच्या एका मोठ्या विधीचा भाग आहे. थंडी पडून साप आणि अस्वलं झोपी गेल्याशिवाय तो करत नाहीत. चौकोनी तोंडाच्या आकृती बहुतेकदा स्त्रिया असतात, गोल तोंडाचे पुरुष.

ही चित्रं मुळात मडक्यावरची नाहीतच. ती जमिनीवरची. आजारी माणसासाठी विधी असतो तेव्हा होगानमध्ये, म्हणजे पूर्वेला दार असलेल्या त्यांच्या पारंपरिक घरात, वैद्य-पुजारी आणि त्याचे मदतनीस रंगीत वाळू, कुटलेले दगड, कोळसा आणि परागकण चिमटीतून सोडत हे चित्र काढतात. पूर्वेचा पांढरा, दक्षिणेचा निळा, पश्चिमेचा पिवळा आणि उत्तरेचा काळा, हे चार दिशांचे चार रंग. चित्राला तीन बाजूंनी इंद्रधनुष्याचा पहारा असतो आणि पूर्वेची बाजू मोकळी. इथेही वाट सोडलेली आहे, लक्षात आलं असेल. चित्र पूर्ण झालं की रुग्ण त्यावर बसतो, आकृत्यांवरची वाळू त्याच्या अंगाला लावतात. मग चित्र मोडतात आणि वाळू बाहेर नेऊन टाकतात, सगळं त्याच दिवशी. चित्र पाहायला काढलेलंच नसतं. पवित्र लोक त्या वाटेने येतात, काम करतात, जातात. ते गेल्यावर चित्र मागे ठेवणं धोक्याचं मानतात.

मग ते मडक्यावर कायमचं कसं आलं? गालिच्यावरून. होस्टीन क्लाह नावाचे एक मोठे वैद्य-पुजारी होऊन गेले, १८६७ ते १९३७. ते स्वतः कसलेले विणकरही होते. १९१९ च्या सुमारास त्यांनी वाळूचित्र गालिच्यावर विणायला घेतलं आणि समाजात खळबळ उडाली. इतर पुजारी संतापले, विणणारा आंधळा होईल, त्याच्यावर अरिष्ट येईल असा इशारा देऊ लागले. क्लाह यांच्या दोन भाच्या पुढे असेच गालिचे विणू लागल्या, तेव्हा त्यांना बाधा होऊ नये म्हणून त्यांनी विधी केले. मेरी कॅबट व्हीलराइट या बॉस्टनच्या श्रीमंत बाईंनी त्यांच्या मदतीने विधींच्या नोंदी जमवल्या आणि १९३७ मध्ये सांता फे इथे त्यासाठी संग्रहालय काढलं. आपलं ज्ञान आपल्याबरोबर बुडेल, ही क्लाह यांची चिंता होती. त्यांचं बरोबर होतं की संतापलेल्यांचं, हे बाहेरच्या माणसाने ठरवू नये, पण पुढची हकिगत बोलकी आहे: १९७७ मध्ये त्याच संग्रहालयाने विधींच्या पवित्र पोतड्या नाव्हाहोंना परत केल्या. गालिचे मात्र संग्रहालयातच राहू शकतात. कोणती वस्तू घरी परत जावी लागते आणि कोणती बाहेर राहिली तरी चालते, हा भेद नाव्हाहोंनी नीट जपला आहे.

हा भेद आपल्याला कळायला अवघड नाही. पेणच्या कारखान्यात शेकडो गणपती ओळीने ठेवलेले असतात, त्यांचा भाव करता येतो, सोंड तुटली तर बाजूला ठेवतात. प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत तो माल असतो. नाव्हाहो यापुढे एक पाऊल जातात: विकायचं चित्र ते मुद्दाम अपुरं ठेवतात. एखादा रंग बदलायचा, दिशा फिरवायची, पिसांची संख्या कमी करायची, एखादी आकृती गाळायची. फळीवर डिंकाने चिकटवलेली वाळूचित्रं गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पर्यटकांना विकायला लागले, तेव्हाही हीच युक्ती केली. त्यामुळे ‘तुमच्या मडक्यावरचं चित्र विधीसारखं हुबेहूब आहे का’ याचं उत्तर नाही असं असेल, तर ती लबाडी समजू नका. ते जपलेलं पथ्य आहे.

मडक्यांवर हे चित्र यायला १९७० चं दशक उजाडलं, असं ढोबळपणे म्हणता येईल. त्याआधी १९५० च्या दशकात शाँटो भागात बिल बीव्हर नावाच्या व्यापाऱ्याने राळेची मडकी विकत घ्यायला सुरुवात केल्यामुळे धंद्यात पुन्हा धुगधुगी आली होती. रोझ विल्यम्स या तिथल्या जाणत्या कुंभारीण. त्यांची मुलगी ॲलिस क्लिंग हिने नक्षीला हात न लावता नुसत्या घोटाईवर आणि जाळाच्या लाल-जांभळ्या छटांवर नाव कमावलं. मला विचाराल तर या कलेतलं शिखर तिथेच आहे. रोझ यांच्या सून लोरेन विल्यम्स यांनी मात्र मातीत येई आणि गालिच्याची नक्षी कोरली. फे त्सो यांनी मक्याच्या आणि येईंच्या आकृत्या मडक्यावर उठावात आणल्या. लूसी ल्युपी मॅकेल्वी यांनी वाळूचित्रांतल्या गरगर फिरणाऱ्या इंद्रधनुष्याच्या आकृत्या रुंद खांद्यांच्या मडक्यांवर रंगवल्या. आयडा साहमी यांचं लग्न होपी घराण्यात झालं, घडवण्याची रीत त्यांनी सासूकडून घेतली आणि चित्रं माहेरची काढली, येईबिचाय नाचणाऱ्यांची. या बायकांचं काम बघितलं की चित्र आणि मडकं एकाच हाताने केलं आहे हे लगेच कळतं: आकृती पोटाच्या गोलाईबरोबर वळते, खांद्याशी आखडते, काठाशी थांबते.

तुमच्या रंगीत मडक्यात ते दिसत नाही, आणि हे मला स्पष्ट सांगायला हवं. ते साच्यात ओतलेलं आहे. आतून बोट फिरवा: भिंत सगळीकडे सारख्या जाडीची, एकही दाब नाही. तुमच्या तिसऱ्या फोटोत काठापासून बुडापर्यंत उभी गेलेली पुसट रेघ साच्याच्या जोडाची आहे. अशी कोरी भांडी घाऊक मिळतात. कारागीर त्यांना रंग देतो आणि मग सुईने रंग खरवडून खालची पांढरी माती उघडी करत चित्र काढतो. न्यू मेक्सिकोतल्या गॅलपसारख्या गावांत ती ढिगाने विकायला असतात. ती नकली आहेत का? चित्र काढणारा नाव्हाहो असेल तर तसं म्हणता येत नाही. कित्येक घरांची चूल त्यावर पेटते, आणि सुईचं काम नजर लावणारं असतं. फक्त ते ‘हाताने घडवलेलं मडकं’ म्हणून विकलं तर फसवणूक झाली.

नाव्हाहोंनी न बनवलेलं काही ‘नाव्हाहो’ म्हणून विकणं हा अमेरिकेत गुन्हा आहे. १९९० च्या कायद्यानुसार पहिल्याच गुन्ह्याला एका व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून दुकानदार ‘नाव्हाहो पद्धतीचं’ असं काही म्हणू लागला की कान टवकारावेत. बुडाशी सही कोणाची आहे ते बघा, आणि भावाकडे पावती असेल तर मागवून घ्या.

जाता जाता एक. जुन्या नाव्हाहो वस्तूंवर तुम्हाला स्वस्तिकासारखं चिन्ह दिसलं, तर ते आपल्याकडून गेलेलं नाही आणि नाझींकडूनही नाही. ते एका कथेतले गरगरणारे ओंडके आहेत. १९४० मध्ये नाव्हाहो, होपी, अपाचे आणि पापागो प्रतिनिधींनी हिटलरच्या निषेधार्थ ते चिन्ह वापरणं सोडल्याचं जाहीर केलं, त्यामुळे नंतरच्या मालावर ते क्वचित आढळतं.

देवघराकडे वळू. येई म्हणजे मूर्ती नव्हे. त्यांच्यापुढे दिवा लावत नाहीत, नैवेद्य दाखवत नाहीत. त्यांना बोलावतात आणि निरोप देतात, तेही जाणकाराने, ठरल्या ऋतूत. ज्यांच्या परंपरेत हे रूप मागे ठेवणंसुद्धा अवघड विषय आहे, त्यांच्या आकृतीला आपण रोज फुलं वाहावीत हे मला पटत नाही, मग आपला भाव कितीही शुद्ध असो. दिवाणखान्यात मानाने ठेवा. येणाऱ्याने विचारलं तर ‘नाव्हाहोंच्या येईचं चित्र’ एवढं सांगितलं तरी पुरे. इंटरनेटवर प्रत्येक आकृतीचा ‘शक्ती’, ‘समृद्धी’, ‘प्रेम’ असा अर्थ लावलेला सापडेल, तो दुकानदारांनी रचलेला असतो.

कलश नको, याची कारणं तर निव्वळ व्यवहाराची आहेत. रंगीत मडकं आतून झिलईचं नसेल तर पाणी पाझरतं, आतून क्षार चढतात आणि वर्षभरात रंगाची पापडी सुटते. हळद सच्छिद्र मातीत एकदा उतरली की मला आजवर ती पूर्ण काढता आलेली नाही. कुंकवातला रंगही तसाच. धूळ रुंद, मऊ, कोरड्या ब्रशने झटका. ओलं फडकं नको.

तपकिरी मडक्याला जास्त जपा. राळ उन्हाने मऊ होते. पंचेचाळीस अंशांच्या दुपारी पश्चिमेच्या खिडकीत ठेवलंत तर ती चिकट होऊन धूळ धरेल, आणि ती धूळ मग राळेचाच भाग होते. घरातली आतली, सावलीची भिंत बघा. वर्तमानपत्रात किंवा बुडबुड्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकू नका. इथल्या एका गॅरेजमधून आलेल्या मडक्याच्या पोटावर मी वर्तमानपत्राचा मथळा उलट्या अक्षरांत वाचला आहे. तो काढायचा तर राळही निघते, म्हणून तसाच ठेवला. गुंडाळायचंच झालं तर आधी बटर पेपर, वर सुती कापड. चमक कमी झाली म्हणून खोबरेल, वार्निश, पॉलिश काहीही लावू नका. वास वर्षांगणिक कमी होतो, ते साहजिक आहे. त्यातही पाणी भरू नका. जुन्या काळी राळेच्या मडक्यांत शिजवत, हे खरं, पण तुमचं शोभेसाठी केलेलं आहे आणि राळेचा पातळ थर पाण्याने पांढुरका पडतो.

भाऊ पुन्हा घेणार असेल तर ऑगस्टमध्ये सांता फेला भरणारा इंडियन मार्केट बघायला सांगा, तिथे करणारा माणूस स्वतः टेबलामागे उभा असतो. नाहीतर ॲरिझोनातल्या गनाडोचं हबेल ट्रेडिंग पोस्ट हे जुनं व्यापारी ठाणं आहे, १८७८ पासूनचं, आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ. तिथे विचारायचं एवढंच: माती कुठली, मडकं वळ्यांचं की साच्याचं, आणि भाजलं लाकडावर की विजेच्या भट्टीत. सांगणारे मोकळेपणाने सांगतात. चित्राचा अर्थ विचारल्यावर कोणी नुसतं हसून विषय बदलला, तर पुन्हा विचारू नये.